श्वानांमधील मधुमेह : कारणमीमांसा व लक्षणे

प्रस्तावना

मधुमेह हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे माणूस येतो. बैठी जीवनशैली, वाढते वजन, गोड खाण्याची सवय, ताणतणाव ही त्याची कारणे आता शाळकरी मुलांनाही पाठ झाली आहेत. हाच विकार घरातील कुत्र्यालाही होतो, हे मात्र सुशिक्षितांपैकीही अनेकांना ठाऊक नसते. आणि ज्यांना ठाऊक असते ते माणसाच्या मधुमेहाचे सर्व ठोकताळे कुत्र्याला लावून मोकळे होतात. पेढा खाऊ घातला म्हणून साखर झाली, आता गोड बंद करा, कारल्याचा रस पाजा, जांभळाच्या बियांची पूड द्या, घरातील आजोबांची अर्धी गोळी देऊन पाहा, असे सल्ले देणारे शेजारी आपल्याकडे कमी नाहीत. प्रस्तुत लेखात हे ठोकताळे तपासून पाहावयाचे आहेत. श्वानांमधील मधुमेह हा माणसातील नेहमीच्या मधुमेहाहून पुष्कळ अंशी वेगळ्या प्रकृतीचा विकार आहे. आपल्याकडील पाळीव कुत्र्यांच्या, विशेषतः माद्यांच्या बाबतीत त्याचे एक मोठे कारण खाण्याच्या ताटलीपेक्षा प्रजननचक्रात शोधावे लागते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

कुत्रा आणि मधुमेह : एक जुने नाते

मधुमेहाची ओळख भारतीय वैद्यकाला प्राचीन काळापासून आहे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाचे २० प्रकार वर्णिले असून मूत्राकडे मुंग्या आकृष्ट होतात ही खूणही नोंदविलेली आहे. परंतु विकाराचे मूळ शरीरातील कोणत्या अवयवात आहे, हे कळण्यास १८८९ साल उजाडावे लागले, आणि ते कळले एका कुत्र्यामुळे. त्या वेळी जर्मनीत असलेल्या स्ट्रासबुर्ग येथे ऑस्कर मिंकोव्स्की व योसेफ फॉन मेरिंग हे स्निग्ध पदार्थांच्या पचनाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचे संपूर्ण स्वादुपिंड काढून टाकले. शिस्त लागलेले हे कुत्रे शस्त्रक्रियेनंतर प्रयोगशाळेच्या फरशीवर वारंवार मूत्रविसर्जन करू लागले. मिंकोव्स्की यांनी ते मूत्र तपासले, तेव्हा त्यात भरपूर साखर आढळली. स्वादुपिंड आणि मधुमेह यांचा संबंध असा प्रस्थापित झाला. स्वादुपिंडातील विशिष्ट पेशीपुंजांचे वर्णन पॉल लँगरहान्स यांनी त्यापूर्वीच, १८६९ मध्ये केले होते. त्या पुंजांना आज आपण ‘लँगरहान्सची द्वीपके’ म्हणतो.

पुढे १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो विद्यापीठात मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना स्वादुपिंडाचाच अर्क टोचून त्यांची रक्तशर्करा खाली आणून दाखविली. जेम्स कॉलिप यांनी तो अर्क शुद्ध केला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो देण्यात आला. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिऑड यांना मिळाले. हा इतिहास आपण वर्गात आवर्जून शिकवितो; त्या मुलाचे नावही सांगतो. त्या प्रयोगांत किती कुत्री मेली, हे सांगण्याची वेळ मात्र सहसा येत नाही.

या इतिहासाचा निर्देश येथे केवळ कृतज्ञतेपोटी केलेला नाही. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन उरतच नाही. नैसर्गिकरीत्या मधुमेह झालेल्या कुत्र्याची अवस्थाही बहुतेक वेळा याच्याच जवळ जाणारी असते, आणि विकाराचे सारे स्वरूप त्यावरून उलगडत जाते.

विकाराचे स्वरूप

अन्नातील पिष्टमय पदार्थांचे ग्लुकोज बनते व ते रक्तात येते. रक्तातून ते स्नायूंच्या व मेदाच्या पेशींत शिरण्यासाठी इन्सुलिन या संप्रेरकाची गरज असते. द्वीपकांतील बीटा पेशी ते तयार करतात. माणसांत सर्वाधिक आढळणाऱ्या, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात आरंभी इन्सुलिन असते, पण शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. म्हणून आहारनियंत्रण, व्यायाम व गोळ्या यांवर अनेक रुग्णांचे वर्षानुवर्षे भागते. कुत्र्यांत हा प्रकार स्पष्टपणे आढळत नाही. त्यांच्या बीटा पेशीच नष्ट झालेल्या वा निकामी झालेल्या असतात. निदान होते तेव्हा बहुसंख्य कुत्री आयुष्यभर इन्सुलिनवर अवलंबून राहणार हे ठरलेले असते. (मांजराची गोष्ट निराळी आहे. मांजराचा मधुमेह माणसाच्या दुसऱ्या प्रकाराशी मिळताजुळता असतो, व योग्य उपचारांनी काही मांजरांची इन्सुलिनची गरज संपतेही.)

बीटा पेशींना चेतवून अधिक इन्सुलिन स्रवावयास लावणाऱ्या गोळ्या कुत्र्याच्या उपयोगी का पडत नाहीत, हे यावरून लक्षात यावे. गोळी म्हणजे चाबूक. घोडाच उरला नसेल तर चाबूक ओढून काय होणार? कारले वा जांभूळबी यांनाही तोच न्याय लागू पडतो. या उपायांत जे चार-सहा आठवडे जातात, ते या विकारात सर्वांत महाग पडतात.

कारणमीमांसा

श्वानांमधील मधुमेहाला एकच एक कारण नाही. आनुवंशिकतेचा वाटा निश्चित आहे. सामोयेड, केर्न टेरियर, तिबेटन टेरियर, यॉर्कशायर टेरियर या जातींत तो अधिक आढळतो. बॉक्सर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रिव्हर यांत कमी. प्रतिकारसंस्थेशी निगडित असलेल्या जनुकांशी हा फरक जोडला जातो, आणि काही कुत्र्यांत शरीराची प्रतिकारसंस्थाच बीटा पेशींवर उलटते असे मानण्यास आधार आहे. या याद्या युरोप-अमेरिकेतील कुत्र्यांवरून बनलेल्या आहेत, हे मात्र विसरू नये. आपल्या भागातील कारवानी, शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ किंवा गल्लीतील गावठी कुत्रा त्या याद्यांत नाही, याचा अर्थ तो सुरक्षित आहे असा होत नाही. गल्लीतील कुत्रे मधुमेहाच्या वयापर्यंत जगतेच क्वचित. हा विकार प्रामुख्याने मध्यम व उतारवयातला, साधारण ५ ते १२ वर्षांच्या दरम्यान प्रकट होणारा आहे.

दुसरे कारण स्वादुपिंडदाह. स्वादुपिंडातील पाचक विकरे ग्रंथीतच क्रियाशील होऊन तिलाच पचवू लागतात व त्या धुमाळीत द्वीपकेही नष्ट होतात. मधुमेही कुत्र्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कुत्र्यांत स्वादुपिंडदाहाच्या खुणा सापडतात. अतिशय तेलकट-चरबीयुक्त खाणे हे त्याचे एक निमित्त असते. आपल्याकडे आखाडात मटणाचे बेत झाले की उरलेली चरबी, तर्री, हाडे कुत्र्यापुढे टाकली जातात. त्यानंतर एक-दोन दिवसांत ओकाऱ्या, पोटदुखी आणि अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे दिसल्यास ‘बाधले’ म्हणून सोडून देणे इष्ट नव्हे. तर्रीतला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक असतो, ही आणखी एक गोष्ट जाता जाता नोंदवावी.

पेढ्याने मधुमेह होतो का, या प्रश्नाचे उत्तर येथेच द्यावयास हवे. गोड खाल्ल्याने बीटा पेशी मरत नाहीत. लठ्ठपणामुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो व स्वादुपिंडदाहाचा धोकाही वाढतो, त्यामुळे लाडाचे खाणे निर्दोष ठरत नाही. पण धन्याने स्वतःला दोष देत बसावे असा थेट संबंध नाही. भाकरीवर तर मुळीच ठपका ठेवता येत नाही. स्वीडनमधील एरिक आक्सेलसन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की पिष्ट पचविणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. माणसाच्या सोबत धान्य खातच कुत्रा घडत गेला आहे.

तिसरे कारण औषधांचे आहे. कॉर्टिसॉल हे अधिवृक्क ग्रंथीचे संप्रेरक इन्सुलिनच्या विरुद्ध काम करते. कुशिंगच्या विकारात ते शरीरातच अतिरिक्त तयार होते. बाहेरून दिलेली प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडेही हेच करतात. त्वचेच्या खाजेवर ती गुणकारी असल्यामुळे, आणि खाज थांबली की सर्वांचेच समाधान होत असल्यामुळे, एकदा लिहून दिलेली गोळी औषधाच्या दुकानातून पुन्हा पुन्हा आणून महिनोन्महिने चालू ठेवली जाते. ही सवय मोडणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

माजाचे चक्र आणि मधुमेह

मादीचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडावा लागतो. नसबंदी न केलेली कुत्री साधारणपणे सहा-आठ महिन्यांनी माजावर येते. माज ओसरल्यानंतर, गर्भ राहिला असो वा नसो, सुमारे दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण चढे राहते. गाभण नसलेल्या मादीतही इतका दीर्घ काळ ही अवस्था टिकणे हे श्वानवंशाचे वैशिष्ट्य होय. या प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली कुत्रीच्या स्तनग्रंथींतून वृद्धी संप्रेरक स्रवते. एरवी हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे. ते स्तनग्रंथीतही निर्माण होते हे नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील संशोधकांनी १९९४ मध्ये सिद्ध केले. वृद्धी संप्रेरक इन्सुलिनच्या कार्याला तीव्र विरोध करते. परिणामी दर माजानंतर दोन महिने बीटा पेशींना नेहमीहून अधिक राबावे लागते. तरुणपणी त्या तो भार पेलतात. सात-आठ वर्षांच्या कुत्रीत, विशेषतः ती लठ्ठ असल्यास, एखाद्या माजानंतर त्या तो पेलू शकत नाहीत, आणि काही आठवड्यांतच मधुमेहाची लक्षणे दिसू लागतात. माज टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसदृश इंजेक्शनांचाही हाच परिणाम संभवतो.

येथे परदेशी आकडेवारी वाचताना सावध राहण्याची गरज आहे. अमेरिकी ग्रंथांत या कारणाला जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो, कारण तेथील बहुतेक पाळीव माद्यांची नसबंदी लहानपणीच झालेली असते. स्वीडनमध्ये निरोगी कुत्रीची नसबंदी करण्याची प्रथा कमी. तेथील विमा उतरविलेल्या कुत्र्यांचा जो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मधुमेही कुत्र्यांपैकी दर दहांत सुमारे सात माद्या होत्या. आपल्या शहरांतील बंगल्या-सदनिकांत पाळलेल्या लॅब्राडॉर व पॉमेरेनियन माद्यांची स्थिती अमेरिकेपेक्षा स्वीडनला जवळची आहे. ‘एकदा तरी पिले होऊ द्यावीत’, ‘मुक्या जिवाला कशाला कापायचे’ या भावनेने पुष्कळ घरांत शस्त्रक्रिया टाळली जाते. रस्त्यावरील कुत्र्यांच्या नसबंदीसाठी २००१ मध्ये नियम झाले, २०२३ मध्ये ते नव्याने आले, त्यावर वृत्तपत्रांतून वादही झडले. त्या नियमांखाली शस्त्रक्रिया झालेली गल्लीतील कुत्री या कारणापासून मुक्त झाली. घरात गादीवर झोपणारी मात्र झाली नाही, ही विसंगती लक्षणीय आहे.

याच प्रकारात बरे होण्याची संधीही असते. निदान होताच अंडाशय व गर्भाशय काढून टाकले, तर प्रोजेस्टेरॉनचा उगम बंद होतो व काही माद्यांचा मधुमेह पूर्णपणे मागे हटतो. परंतु दीर्घकाळ चढलेली रक्तशर्करा स्वतःच बीटा पेशींना मारक ठरत असल्याने ही खिडकी काही आठवड्यांचीच असते. कारल्याच्या रसात घालविलेले आठवडे महाग पडतात, असे वर म्हटले ते यासाठी.

लक्षणे

कुत्र्याची उपाशीपोटी रक्तशर्करा साधारण ७० ते १२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. ती १८० ते २२० च्या पुढे गेली की मूत्रपिंडे साखर अडवू शकत नाहीत. साखर मूत्रात उतरते, आपल्यासोबत पाणी ओढून नेते, म्हणून मूत्र वाढते. मूत्र वाढल्याने तहान वाढते. पेशी उपाशी राहिल्याने भूक वाढते, आणि खाऊनही शरीर मेद व स्नायू जाळत राहिल्याने वजन घटते. अतिमूत्र, अतितहान, अतिभूक आणि वजनघट ही चार लक्षणे एकत्र दिसली तर संशय बळावतो. फरशीवर कुत्र्याने मूत्र केलेल्या जागी मुंग्या लागणे, ही संहिताकारांनी नोंदविलेली खूण आजही पहिली सूचना ठरू शकते.

प्रत्यक्षात या लक्षणांचा अर्थ चुकीचा लावला जातो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो; तेव्हा कुत्रे जास्त पाणी पिते याचे कोणालाच नवल वाटत नाही. भेद ओळखण्याची रीत सोपी आहे. उन्हामुळे प्यालेले पाणी धापा टाकताना बाहेर जाते, मूत्र फारसे वाढत नाही. मधुमेहात दोन्ही वाढतात. पाणी मोजूनही पाहता येते : दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरहून अधिक, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याने २ लिटरहून अधिक पाणी पिणे, हे सावलीत राहणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तपासणीस पुरेसे कारण आहे. दुसरा गैरसमज अधिक क्लेशकारक आहे. वर्षानुवर्षे घर न खराब करणारे कुत्रे रात्री दिवाणखान्यात मूत्र करू लागते, तेव्हा ते बिघडले असे समजून त्याला मार दिला जातो, बाहेर बांधले जाते, आणि कहर म्हणजे पाण्याचे भांडे उचलून ठेवले जाते. स्ट्रासबुर्गच्या प्रयोगशाळेत जी खूण संशोधकाने वाचली, तीच खूण घरात शिक्षेस पात्र ठरते. मधुमेही कुत्र्याचे पाणी तोडणे म्हणजे त्याला शुष्कतेच्या खाईत लोटणे होय.

मोतीबिंदू हे कुत्र्याच्या मधुमेहाचे खास लक्षण. डोळ्याच्या भिंगात जादा ग्लुकोजचे आल्डोज रिडक्टेज या विकरामुळे सॉर्बिटॉल बनते. ते बाहेर पडू शकत नाही, पाणी ओढून घेते आणि भिंग पांढरे होते. निदानानंतर पाच-सहा महिन्यांत सुमारे निम्म्या कुत्र्यांत व दीड वर्षाच्या आत बहुतेकांत तो उद्भवतो. काही वेळा तर थोड्याच दिवसांत दृष्टी जाते. वृद्धत्वाने भिंगाला येणारी निळसर झाक वर्षांच्या गतीने येते. आठवड्यांत पांढरे झालेले डोळे हे म्हातारपणाचे चिन्ह नव्हे.

उपचार न झाल्यास शरीर मेद जाळून कीटोन निर्माण करते व रक्त आम्लधर्मी होऊ लागते. इतके दिवस हावरटासारखे खाणारे कुत्रे एकाएकी अन्न सोडते, ओकाऱ्या करते, गळून पडते. काहींच्या श्वासाला नखपॉलिश काढण्याच्या द्रावणासारखा वास येतो. ही अवस्था तातडीची असून सलाइन व इन्सुलिनचे उपचार त्याच दिवशी मिळावे लागतात.

निदान व उपचार

उपाशीपोटी वाढलेली रक्तशर्करा आणि मूत्रातील साखर या दोन्ही गोष्टी आढळल्यावर निदान निश्चित होते. दोन-तीन आठवड्यांतील सरासरी पातळी फ्रुक्टोसामीनच्या तपासणीवरून कळते. माणसांसाठीचे घरगुती ग्लुकोमापक कुत्र्याच्या रक्तात सामान्यतः प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखविते, हे ध्यानात ठेवून त्याचा वापर करावा.

उपचार म्हणजे दर १२ तासांनी, खाण्याच्या वेळी, कातडीखाली इन्सुलिन. निसर्गाचा एक योगायोग असा की कुत्र्याचे इन्सुलिन व डुकराचे इन्सुलिन यांतील ५१ अमिनो आम्लांचा क्रम तंतोतंत एक आहे. माणसाचे त्याहून एकाच जागी भिन्न. त्यामुळे डुकराचे इन्सुलिन कुत्र्याच्या शरीराला परके वाटत नाही आणि मानवी इन्सुलिनही चालते. आपल्याकडे मिलिलिटरला ४० एकके असलेल्या कुप्या सर्वत्र मिळतात. काही आधुनिक इन्सुलिने मात्र १०० एककांची असतात. ४० एककांसाठीच्या सिरिंजला लाल व १०० साठीच्या सिरिंजला नारिंगी टोपण असते. १०० एककांचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजने दिल्यास मात्रा अडीचपट होते, आणि ती प्राणघातक ठरू शकते.

आहारात काय यापेक्षा किती व केव्हा हे अधिक महत्त्वाचे. रोज त्याच वेळी, तेवढेच, कमी चरबीचे अन्न द्यावे. ‘शुगर-फ्री’ पदार्थ हा मधुमेहीसाठीचा सोयीचा पर्याय कुत्र्याला कदापि देऊ नये : त्यांपैकी काहींत, विशेषतः च्युइंगगममध्ये, असलेले झायलिटॉल माणसाला निरुपद्रवी, पण कुत्र्यात इन्सुलिनचा एकदम लोंढा सोडून रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली आणते व यकृतालाही इजा करते.

इन्सुलिन जास्त झाल्यास वा कुत्र्याने न खाल्ल्यास अशक्तपणा, झोकांड्या, थरथर, झटके ही लक्षणे उद्भवतात. अशा वेळी हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी चोळावे व त्वरित पशुवैद्याकडे न्यावे. पुढचे इन्सुलिन त्याला विचारल्याशिवाय देऊ नये. चढलेल्या साखरेने काही तासांत सहसा मृत्यू येत नाही. उतरलेल्या साखरेने येऊ शकतो.

रोज दोन इंजेक्शने देणे धन्याला आरंभी अशक्य वाटते, आणि या भीतीपोटीच अनेक कुत्री उपचाराविना राहतात. वर उल्लेखिलेल्या स्वीडिश अभ्यासात निदानाच्याच दिवशी जी कुत्री दगावली त्यांना वगळले, तर उरलेल्यांच्या आयुष्याचा मध्यक सुमारे २ वर्षे निघाला. इन्सुलिनची सुई अत्यंत बारीक असते. खाण्यात तोंड घातलेल्या कुत्र्याला ती बहुधा जाणवतही नाही. आरंभीच्या एक-दोन महिन्यांत मात्रा बसेपर्यंत दर आठवड्या-पंधरवड्याने तपासणी लागते, नंतर ती तीन-चार महिन्यांवर जाते. प्यालेले पाणी, वजन आणि टोचलेली मात्रा यांची एका साध्या वहीत रोज केलेली नोंद पशुवैद्याला एखाद्या सुट्या रक्ततपासणीपेक्षा पुष्कळदा अधिक सांगून जाते.